राहिलं, चुकलं, अवैध

या ब्लॉगवर येणाऱ्यांत निम्मे संगणकवाले आणि निम्मे आमचे नातेवाईक, त्यामुळे आधीच सांगून टाकतो. आजचा विषय प्रोग्रॅमिंगचा आहे. पण वेबवर फॉर्म भरून 'सबमिट' दाबल्यावर आलेली लाल अक्षरं वाचून ज्यांनी कधी कपाळावर हात मारलाय, त्या सगळ्यांचाही तो आहे. काकूंनी अर्ध्यातून पळू नये, पुढे सोवळ्याओवळ्याचाही उल्लेख येणार आहे.

वेबचा इतिहास लिहिणारे ब्राउझरच्या लढायांबद्दल लिहितात, शोधयंत्रांबद्दल लिहितात, कोण कसा श्रीमंत झाला त्याबद्दल तर फारच लिहितात. पण माणसाने एका रकान्यात काहीतरी लिहिलं, ते यंत्राला पटलं नाही आणि मग यंत्राने ते माणसाला कोणत्या शब्दांत सांगितलं, या रोजच्या प्रसंगाचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. पहिली सात-आठ वर्षं तरी तो बराचसा पर्ल नावाच्या एकाच भाषेत घडला. मला ती भाषा आवडते (हल्ली हे जरा हळू आवाजात सांगावं लागतं), म्हणून लिहायला घेतोय.

आधी कागदाच्या फॉर्मचं बघू. बँकेत किंवा पोस्टात आपण फॉर्म भरून खिडकीतून आत सरकवतो. आतला माणूस वरून खाली नजर फिरवतो, एका जागी पेन्सिलीने फुली मारतो, "इथे सही राहिली बघा" म्हणतो आणि तोच कागद परत देतो. यात तीन गोष्टी आहेत. भरलेला मजकूर जातोय कुठे, तो कागदावरच असतो. चूक नेमकी कुठे आहे ते फुलीमुळे कळतं. आणि 'राहिली' म्हणायचं की 'चुकली' हे तो माणूस ठरवतो. कारकून खडूस असला तरी या तिन्ही गोष्टी आपल्याला मिळायच्या. वेबवर फॉर्म आले तेव्हा तिन्ही एका फटक्यात गेल्या, आणि एकेक करून परत मिळवायला पुढची दहाएक वर्षं लागली.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये वेब जगासमोर ठेवलं तेव्हा ती मुख्यतः वाचायची गोष्ट होती. १९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत दोन गोष्टी घडल्या. तिथल्या मोझेक ब्राउझरमध्ये फॉर्म भरता यायला लागले, आणि तिथल्याच वेब सर्व्हरमध्ये सीजीआय नावाची सोय आली. सीजीआयचं काम समजायला अगदी सोपं आहे. फॉर्म आला की सर्व्हर एक वेगळा प्रोग्रॅम सुरू करतो, फॉर्ममधला मजकूर त्याच्या हातात देतो आणि तो प्रोग्रॅम जे काही छापेल ते पान म्हणून ब्राउझरकडे पाठवतो. छापून झालं की प्रोग्रॅम मरतो. पुढच्या वेळी तोच माणूस परत आला तर नवा प्रोग्रॅम जन्माला येतो आणि त्याला मागचं काहीएक आठवत नसतं. म्हणजे खिडकीत दर वेळी नवा कारकून, आणि आधीच्याने तुमचा कागद टोपलीत टाकलेला!

हातात येणारा मजकूरही सरळ नसायचा. सगळे रकाने एकाच लांबलचक ओळीत एकमेकांना चिकटवलेले, मोकळ्या जागांच्या जागी अधिकचं चिन्ह, आणि जरा वेगळं अक्षर असलं की त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह व दोन आकडे. (आपल्या एका 'क'साठी युटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, म्हणजे त्या ओळीत तो नऊ चिन्हं खातो.) ही ओळ सोडवायची, तिचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा तपासायचा, हे सगळं मजकुराच्या चिरफाडीचं काम. आणि मजकुराची चिरफाड करणारी भाषा युनिक्सवाल्यांकडे तयारच होती. लॅरी वॉल या मूळच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल प्रसिद्ध केली होती, तीच मुळी मजकुराच्या ढिगातून हवं ते वेचून अहवाल छापण्यासाठी. वेबचा तेव्हा पत्ताही नव्हता. पर्लमध्ये एका ओळीत म्हणता येतं की 'आधी आकडे, मग एक रेघ, मग पुन्हा आकडे अशा नमुन्याचं काही यात आहे का बघ'. या नमुन्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, आम्ही लाडाने रेजेक्स म्हणतो. स्टीव्हन ब्रेनरने सीजीआय-लिब नावाची छोटीशी पर्ल फाइल लिहून त्या लांब ओळीचे तुकडे पाडायचं काम सोपं करून टाकलं, आणि ज्याला त्याला फॉर्म लिहिता यायला लागले.

तपासणी मात्र कोणीच करत नव्हतं म्हटलं तरी चालेल. काही बिघडलं की यायचं ते सर्व्हरचंच ठरलेलं पान, '५०० इंटर्नल सर्व्हर एरर'. अपाची सर्व्हरच्या या पानावरचा मजकूर मला कायम थोर विनोदी वाटत आलाय. आमच्या आत काहीतरी गोंधळ झालाय, असं ते आधी कबूल करतं. मग व्यवस्थापकाशी संपर्क साधा म्हणतं, आणि ही चूक किती वाजता झाली व ती होण्यासारखं तुम्ही काय केलंत तेही त्यांना कळवा, अशी वर विनंती करतं. घर त्यांचं, आग त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि पाहुण्याला विचारताहेत की तुम्ही काय केलंत! बहुतेक वेळा पर्ल लिहिणाऱ्याकडून एखादा अर्धविराम राहिलेला असायचा. त्याचं उत्तर फॉर्म भरणाऱ्या बिचाऱ्याने काय द्यायचं?

तपासणी आली ती वापरणाऱ्याच्या सोयीसाठी आली नाही, भीतीपोटी आली. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची भाषा त्यातून ठरली.

भीती खरी होती. समजा फॉर्ममध्ये ईमेलचा पत्ता मागितला आणि प्रोग्रॅमने तो पत्ता जसाच्या तसा 'या पत्त्यावर पत्र पाठव' अशा आज्ञेला जोडून युनिक्सच्या शेलला दिला. शेलमध्ये अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, आता दुसरी ऐक. मग कोणी आगाऊ माणसाने पत्त्यानंतर अर्धविराम देऊन 'पासवर्डची फाइल मला पाठव' असं लिहिलं, तर यंत्र इमानेइतबारे तेही करतं. यावर पहिला उपाय सुचला तो म्हणजे वाईट चिन्हांची यादी करायची आणि ती गाळायची. या उपायाचं काय होतं त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे पीएचएफ. हा एनसीएसए आणि अपाचीच्या सर्व्हरबरोबर फुकट मिळणारा, फोनबुकात शोधायचा प्रोग्रॅम. पर्लमधला नव्हे, सी भाषेतला, पण धडा सगळ्यांनाच मिळाला. त्याच्या यादीत बहुतेक सगळी घातक चिन्हं होती, फक्त एक राहिलं होतं, ते म्हणजे नवीन ओळीचं. शेलला नवीन ओळ म्हणजेही नवी आज्ञाच. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने यावर जाहीर इशारा काढला. त्यातून शहाणे लोक जे शिकले ते असं, की काय नको याची यादी कधी पुरी होत नाही. काय चालेल ते सांगा आणि बाकी सगळं परत पाठवा.

पर्लकडे यासाठी एक विलक्षण सोय होती, टेन्ट मोड. पर्ल ४ च्या काळात त्यासाठी वेगळा प्रोग्रॅमच असायचा, १९९४ च्या पर्ल ५ मध्ये तो नुसत्या एका स्विचवर आला. हे मला माझ्या आजीच्या स्वयंपाकघरावरून लगेच कळलं होतं. बाहेरून आलेलं सगळं ओवळं. फॉर्ममधलं, फाइलमधलं, अगदी आजूबाजूच्या वातावरणातून आलेलंही. ओवळं ज्याला लागलं तेही ओवळं, म्हणजे चांगल्या शब्दाला बाहेरचा शब्द जोडला की आख्खं वाक्य गेलं. ओवळ्याने चुलीशी जायचं नाही, म्हणजे शेलला आज्ञा द्यायची नाही की फाइल लिहायची नाही. गेलात तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो. शुद्धीचा अधिकृत मार्ग एकच, मजकूर रेजेक्सच्या नमुन्यातून गाळायचा आणि नमुन्यात बसला तेवढा भाग काढून घ्यायचा. आजीच्या नियमांमागे माणसांना दूर ठेवण्याचा एक वाईट इतिहास होता आणि ते गेले ते बरंच झालं. पण प्रोग्रॅममध्ये हीच कल्पना चोख चालते, कारण इथे ओवळा असतो तो मजकूर, माणूस नव्हे.

तसं असायला हवं होतं, निदान. तपासणी लिहिणारे लोक मात्र हळूहळू फॉर्म भरणाऱ्यालाही संशयितासारखं वागवायला लागले. 'इल्लीगल कॅरेक्टर', 'इनव्हॅलिड इनपुट', 'ॲक्सेस डिनाइड' असले शब्द त्या काळात पानोपानी दिसायचे. ही पहारेकऱ्याची भाषा. ज्याने चुकून फोन नंबरात मोकळी जागा सोडली त्यालाही तीच, आणि जो पासवर्डची फाइल मागतोय त्यालाही तीच.

या काळातली सगळ्यांत लोकप्रिय पर्ल स्क्रिप्ट म्हणजे फॉर्ममेल. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावी मॅट राइट नावाचा एक शाळकरी मुलगा होता. त्याने १९९५ मध्ये आपल्या स्क्रिप्टांचं एक संग्रहालय उघडलं, त्यातली ही एक. फॉर्ममधलं जे असेल ते ईमेलने पाठवून द्यायचं, एवढंच काम. जगभरच्या छोट्या दुकानांच्या, शाळांच्या, देवळांच्या साइटवर ती होती. तिच्यात 'हे रकाने भरलेच पाहिजेत' अशी यादी देता यायची आणि एखादा राहिला तर राहिलेल्या रकान्यांची नावं असलेलं पान यायचं. मागे जा आणि भरा! त्या काळाच्या मानाने ही मोठीच माणुसकी. पण 'मागे जा' यात सगळं आलं. मागे गेल्यावर आधी भरलेलं कधी टिकलेलं असायचं, कधी नसायचं, ते ब्राउझरच्या मर्जीवर. नऊ रकाने पुन्हा भरायचे या विचाराने कितीतरी लोक तिथूनच निघून गेले असतील.

गंमत अशी, की फॉर्ममेल वापरणाऱ्याचे रकाने तपासायची, पण पत्र कोणाला पाठवायचं तो पत्ताही फॉर्ममध्येच एका लपवलेल्या रकान्यात असायचा, आणि तो मात्र धड तपासला जात नव्हता. फॉर्म कुठल्या साइटवरून आला ते बघितलं जायचं खरं, पण ती माहिती ब्राउझरच पाठवतो, त्यामुळे खोटी देता येते. जाहिरातींची पत्रं पाठवणाऱ्यांना दुसऱ्याच्या खर्चाने हवं तेवढं पोस्ट करायची खिडकी मिळाली. २००१ च्या सुमाराला हा प्रकार इतका वाढला, की लंडनच्या पर्लवाल्यांनी एनएमएस नावाचा प्रकल्प काढून मॅटच्या स्क्रिप्टा जशाच्या तशा दिसणाऱ्या पण आतून सुरक्षित अशा पुन्हा लिहिल्या. आणि खुद्द मॅटने आपल्या साइटवर 'त्यांच्या वापरा' असं लिहिलं. शाळेत असताना लिहिलेल्या गोष्टीबद्दल त्याला जगाने फार नावं ठेवली, पण हा मोठेपणा मला महत्त्वाचा वाटतो.

आता कागद परत देणाऱ्या माणसाकडे वळू. लिंकन स्टाइन हे मूळचे जीवशास्त्राच्या क्षेत्रातले. मानवी जनुकसंचाचा नकाशा काढण्याच्या प्रचंड प्रकल्पात ते होते, आणि त्या प्रकल्पाला पर्लने कसं वाचवलं यावर १९९६ मध्ये त्यांनी लिहिलेला लेख पर्लवाल्यांत अजून आठवला जातो. प्रयोगशाळांच्या माहितीसाठी फॉर्म लागतात, ते त्यांना लिहावे लागत होते. १९९५ मध्ये त्यांनी सीजीआय डॉट पीएम हे मॉड्यूल बाहेर काढलं. त्यात एक गोष्ट होती जिला त्यांनी 'स्टिकी' म्हटलं, म्हणजे चिकट. फॉर्म छापायचं काम मॉड्यूलला सांगितलं की आत्ता आलेल्या मजकुरात त्या रकान्याचं काही आहे का ते मॉड्यूल आपणहून बघतं, आणि असेल तर रकाना भरलेलाच छापतं. प्रोग्रॅमची आठवण मेलेली असली तरी माणसाने आत्ता पाठवलेला मजकूर हातातच असतो ना, मग तोच पुन्हा लिहून द्यायचा!

लिहिताना हे इतकं साधं वाटतं की यात काय मोठंसं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण यामुळे 'मागे जा' संपलं. चूक झाली की तोच फॉर्म, भरलेला, पुन्हा समोर. खिडकीतल्या माणसाने कागद परत दिला. १९९७ च्या पर्ल ५.००४ पासून हे मॉड्यूल पर्लबरोबरच मिळायला लागलं. त्याच्यासोबतच स्टाइन यांचंच सीजीआय-कार्प असायचं. त्यात एक सोय अशी की प्रोग्रॅम कोसळला तर कारण थेट ब्राउझरमध्ये दिसावं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते वरदान होतं, पण लोक ती सोय काढायला विसरायचे आणि मग पुस्तकं विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला 'अमुक फाइलमध्ये ओळ ४७ वर न घडवलेली किंमत' असलं काहीतरी वाचायला मिळायचं. चूक एकच, पण ती ऐकणारे दोघं असतात आणि दोघांना सांगायचं वेगळं असतं, हे तेव्हा फारसं कोणाच्या डोक्यात नव्हतं.

मजकूर परत छापायला लागल्यावर मात्र एक नवीनच भानगड निघाली. कोणी नावाच्या रकान्यात नाव न लिहिता एचटीएमएलचे टॅग आणि जावास्क्रिप्ट लिहिली, आणि आपण भाबडेपणाने 'तुम्ही लिहिलेलं अमुक अमुक चालणार नाही' असं म्हणत ती पानावर छापली, तर ब्राउझर ती चालवतो. म्हणजे चूक सांगणारं वाक्य हीच चोरवाट! फेब्रुवारी २००० मध्ये सर्टने यावरही इशारा काढला. टेन्ट मोड इथे कामाचा नव्हता, कारण पानावर छापण्याला तो हरकत घेत नाही. सीजीआय डॉट पीएमने रकाने छापले तर टॅगची चिन्हं ते निरुपद्रवी करून छापायचं, पण स्वतःच्या हाताने वाक्य जुळवणाऱ्याला ते लक्षात ठेवावं लागायचं. नम्रपणे सांगायलाही सावधपणा लागतो तो असा.

मधल्या काळात नेटस्केपने जावास्क्रिप्ट आणली होती (१९९५), आणि फॉर्म पाठवायच्या आधी ब्राउझरमध्येच तपासणं हा तिचा सुरुवातीचा आवडता उपयोग. टिंग करून एक खिडकी येणार, 'नाव भरा'. भरलं की टिंग, 'गाव भरा'. एका वेळी एकच चूक सांगायची, हे कुठल्याही कारकुनाला लाजवेल असं. शिवाय जावास्क्रिप्ट बंद करता येते, त्यामुळे सर्व्हरवरचा पर्लवाला सुटला नाहीच. जास्त लिहीत नाही, मला त्या टिंगचा अजून राग आहे.

ईमेलच्या पत्त्याचं प्रकरण मात्र सोडवत नाही. पत्ता बरोबर आहे का ते बघायला आपण सगळे एक छोटा नमुना लिहितो, की काही अक्षरं, मग ॲट, मग काही अक्षरं, टिंब, आणि शेवटी दोन किंवा तीन अक्षरं. पण पत्त्याचे खरे नियम १९८२ च्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजात आहेत आणि ते भयंकर आहेत. त्यात अवतरणचिन्हं चालतात, कंसात शेरेसुद्धा चालतात. जेफ्री फ्रीडल यांनी १९९७ च्या आपल्या रेजेक्सवरच्या पुस्तकात हे नियम पाळणारा पर्लचा नमुना बनवून दाखवला, तो हजारो अक्षरांचा झाला! इतकं करून तो नमुना एवढंच सांगणार की पत्त्याचं व्याकरण बरोबर आहे. तिथे कोणी राहतं का, ते नाही. पर्लच्या नेहमीच्या प्रश्नांच्या यादीत या प्रश्नाचं उत्तर खूप आधीपासून सरळ दिलेलं आहे, की नमुन्याने ते कळणार नाही, पत्र पाठवून बघा. पण लोक छोटा नमुनाच वापरत राहिले. २००१ मध्ये 'डॉट इन्फो' आणि 'डॉट म्युझियम' ही नवी नावं सुरू झाली आणि ज्यांनी ते पत्ते घेतले त्यांना ठिकठिकाणी ऐकावं लागलं, की तुमचा पत्ता चूक आहे. पत्ता चूक नव्हता. नमुना लिहिणाऱ्याचं जग तीन अक्षरांवर संपत होतं, एवढंच.

तिसरी गोष्ट, म्हणजे राहिलं की चुकलं, ती परत आली १९९९ नंतर. फ्रान्सिस लाकोस्ट यांनी एचटीएमएल-फॉर्मव्हॅलिडेटर नावाचं पर्ल मॉड्यूल लिहिलं. पुढे मार्क स्टॉसबर्ग यांनी ते डेटा-फॉर्मव्हॅलिडेटर या नावाने बरीच वर्षं सांभाळलं. तोपर्यंत तपासणी म्हणजे प्रोग्रॅमभर पसरलेले 'असं असेल तर तसं'. इथे सगळे नियम एका जागी एका तक्त्यात लिहायचे, की कोणते रकाने हवेतच, कोणते ऐच्छिक, कोणाला कोणता नमुना. आणि उत्तर चार ढिगांत यायचं. ठीक असलेले, राहिलेले, नमुन्यात न बसलेले आणि आपण मागितलेच नव्हते असे. नियम लावायच्या आधी पुढच्यामागच्या मोकळ्या जागा काढून टाका, असंही सांगता यायचं. म्हणजे ज्या 'चुका' माणसाच्या नव्हेतच त्या त्याला सांगायच्याच नाहीत. शिवाय प्रत्येक रकान्याचा शेरा त्या रकान्याशेजारीच छापता यायचा. पेन्सिलीची फुली!

मला यातला राहिलेले आणि न बसलेले हा भेद फार आवडतो. मराठीत आपण तो सहज करतो. 'सही राहिली' यात कोणी दोषी नसतं, सही आपली आपण राहते. 'सही चुकली' म्हटलं की माणूस जरा ताठ होतो. पण इंग्रजी पानांवर दोन्हींना सर्रास 'इनव्हॅलिड' म्हणत आणि पुढे त्याचं मराठी झालं ते 'अवैध'. अवैध म्हणजे दारू, वाळूउपसा, बांधकाम. 'अवैध नाव' वाचून सरळ माणसाच्या पोटात गोळाच यायचा.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. २००९ मध्ये एका संमेलनाच्या नोंदणीचा फॉर्म होता, मराठीतून नाव लिहा म्हणणारा. माझ्या मावशीचं सासरचं आडनाव गोऱ्हे. तिने ते लिहिलं आणि पान म्हणालं, नाव अवैध आहे. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा अवैध. तिच्या तीन मैत्रिणींची नावं त्याच दुपारी, त्याच संगणकावरून गेली होती. मग ती फोनवर मला म्हणाली, "अरे, चाळीस वर्षं सही करतेय मी, आणि हे म्हणतंय मला माझं नाव लिहिता येत नाही." हसत होती, पण पाच-सहा वेळा लिहून बघितल्यावर तिने चक्क माहेरचं आडनाव घातलं होतं आणि ते गेलं होतं.

फॉर्म पर्लमध्ये होता आणि तो सांभाळणारा मुलगा ओळखीतला निघाला, म्हणून आत बघायला मिळालं. त्याने काम वाईट केलेलं नव्हतं. पर्ल ५.८ पासून, म्हणजे २००२ पासून, पर्लला युनिकोड चांगलं कळतं. नुसतं 'अक्षर' असा नमुना लिहिला तर मात्रा आणि वेलांट्या त्यात येत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी त्या खुणा आहेत. 'कृष्णा' या नावात अशी अक्षरं तीन आणि खुणा तीन. त्याने हे ओळखून 'शब्दात येणारं काहीही' असा नमुना वापरला होता, ज्यात दोन्ही येतात. कृष्णा गेला, ज्ञानेश्वर गेला, मैत्रिणी गेल्या. पण गोऱ्हेमधला तो अर्धा र! मावशीच्या कीबोर्डवर तो तीन गोष्टींनी बनायचा, म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर रुंदी नसलेलं, डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. ते नसेल तर ह वर रफार चढतो आणि आडनाव भलतंच होतं. हे जोडचिन्ह तेव्हाच्या पर्लच्या लेखी शब्दात येत नव्हतं. म्हणजे कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडपांडे सगळे त्या कीबोर्डवरून बाहेर. दुसऱ्या कीबोर्डवर हाच र नुक्त्याच्या ऱ ने बनतो आणि तिथून तेच आडनाव आत जातं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी.

मुलाने जोडचिन्ह नमुन्यात घातलं, दहा मिनिटांचं काम. मी त्याला शेराही बदलायला सांगितला. त्याने लिहिलं, 'या नावातलं एखादं अक्षर आमच्या यंत्राला वाचता आलं नाही. नाव असंच असेल तर खाली खूण करा, आम्ही असंच घेऊ.' मावशीचं नाव तिच्याच आडनावाने छापून आलं, तो बिल्ला तिने बरेच दिवस फ्रिजवर लावून ठेवला होता. चार वर्षांनी, मे २०१३ मध्ये पर्ल ५.१८ आली आणि तिच्यात ते जोडचिन्ह शब्दात मोजायला लागले, कारण युनिकोडने आपली व्याख्या सुधारली होती. बदलांच्या लांबलचक यादीत दोन-तीन ओळींची नोंद. मी ती मावशीला फोनवर वाचून दाखवली. "मग आता मी वैध?" म्हणाली.

पुढचं थोडक्यात. सीजीआय डॉट पीएम २०१५ च्या पर्ल ५.२२ पासून पर्लच्या मूळ पेटाऱ्यातून निघालं, हवं त्याने वेगळं घ्यावं. पोरं दुसऱ्या भाषांकडे गेली होतीच. तपासणीचं पुष्कळसं काम ब्राउझरने स्वतःकडे घेतलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ चं प्रमाण मंजूर झालं, त्यात ईमेलसाठी खास रकाना आहे. पत्त्याचे जुने नियम वापरण्यासारखे नाहीत म्हणून आम्ही ते जाणूनबुजून मोडतो आहोत, असं त्यात चक्क लिहिलंय. त्याखाली एक रेजेक्स दिलाय, आणि तो जावास्क्रिप्टला व पर्लला चालणारा आहे अशी नोंद आहे. पर्लचं नाव तिथे बघून मला बरं वाटलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'डॉट भारत' ही देवनागरी नावं मिळायला लागली होती. त्या रेजेक्समध्ये ॲटच्या आधी अक्षरं म्हणून चालतात ती फक्त रोमन.